पोटातली कालवं

करुणा मोहितेला राग पटकन येत नाही, पण आला की मुक्काम ठोकतो. यंदाच्या ऑगस्टात आलेला अजून गेलेला नाही. तो मशीनवर आहे, पुणेकरांवर आहे की स्वतःवर, हे मात्र तिला विचारायची सोय नाही.

डी.एड. होऊन तिने अकरा वर्षं शिक्षकभरतीची वाट पाहिली. मधल्या काळात बालवाडी चालवली, आणि शेवटी पुण्याच्या एका संशोधन पथकात तिला काम मिळालं. रत्नागिरीपासून पावसपर्यंतच्या शाळांत जायचं, मुलांसमोर टॅब ठेवायचा आणि त्यांना बोलतं करायचं. मूल जे बोलेल ते टॅबमधली कृत्रिम बुद्धिमत्ता ऐकणार, लिहून काढणार आणि त्याच्या नावापुढे रंग लावणार. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे मनाच्या डॉक्टरची गरज. असा डॉक्टर महिन्यातून एकच दिवस यायचा आणि फक्त लाल रंगाची मुलं तपासायचा. कल्पना वाईट नव्हती, हे करुणा आजही कबूल करते. शेकडो पोरांत नेमकं कोण आतल्या आत कुढतंय, हे शोधायला माणसं आहेत कुठे?

पोरांना बोलतं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याला कारणही तसंच होतं. कोल्हापूरला डी.एड. करताना तिने वर्गात ‘नाय’ म्हटलं की मुली तिच्या कोकणी हेलाची नक्कल करायच्या. एका बाईंनी तर एकच वाक्य शुद्ध येईपर्यंत तिला उभं करून दहा वेळा म्हणायला लावलं होतं. त्यानंतर तीन आठवडे तिने वर्गात तोंड उघडलं नाही. आपण शिकवायला लागलो की कुठल्याही पोराचं बोलणं दुरुस्त करायचं नाही, असं तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, आणि ते पाळलंही होतं.

चौथीतली अलिझा तिच्यासमोर येऊन बसली, ती दोन्ही हातांनी पोट धरूनच. तिचे वडील हुसेन कुवेतला नोकरीला. मे महिन्यात रजेवर आले आणि परत जाताना पोरगी रडेल म्हणून ती झोपेत असतानाच निघून गेले. तेव्हापासून अलिझा डबा तसाच परत नेत होती आणि रोज मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन, आई जाग्यावर आहे ना, हे बघून येत होती. करुणाने विचारलं, सारखी घरी का जातेस गो?

“माजे पोटात नुसती कालवाकालव होते,” अलिझा म्हणाली.

टॅबवर चक्र फिरलं आणि नावापुढे हिरवा रंग उमटला. खाली ओळ होती: मुलीने कालवं (समुद्रातले शिंपले) खाल्ली आहेत, आहाराबाबत पालकांना सूचना पाठवली आहे.

दुसऱ्या दिवशी अलिझाची आई हफीजा मोबाईल हातात घेऊन शाळेत आली. दोन दिवस कालवं देऊ नका, असा संदेश तिला आला होता. भर पावसात समुद्रातल्या खडपावर कालवं काढायला कोण मरायला जातंय, असं म्हणून ती आधी हसली. मग हसू आवरून तिने हळूच विचारलं, पोरीला डॉक्टर बघेल ना? करुणा हो म्हणून बसली. तो होकार मग तिच्या मागेच लागला.

पथकाच्या प्रमुख सानिका मॅडम. बाई मनाने वाईट नाहीत, फोनवर कधी आवाज चढवत नाहीत, आणि हेच करुणाला जास्त झोंबतं. व्हिडिओ बैठकीत करुणाने घडलेलं सांगितलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. चूक नोंदवून घेतली, दिवाळीनंतर मशीनला हा शब्द शिकवू, असं ठरलं. पण रंग हाताने बदलायला मॅडमची साफ ना होती. आपणच रंग बदलायला लागलो तर मशीनची परीक्षा कशी होणार, असं त्यांचं म्हणणं.

“परीक्षा मशीनची आहे की पोरीची?” करुणाने विचारलं. पण तेव्हा तिचा माइक बंद होता. तो चालू करून तेच पुन्हा म्हणण्याचं धाडस तिला झालं नाही. तिने तीन मेल पाठवले. तिन्हींना आभाराचं उत्तर आलं. डॉक्टर यायला आठ दिवस उरले होते.

यादी बंद होण्याआधी मुलाला टॅबसमोर आणखी एकदा बसवता येतं, एवढीच एक फट नियमात होती. करुणाने अलिझाला व्हरांड्यात नेलं. कालवाकालव म्हणू नकोस, म्हणाली, असं म्हण: मला खूप भीती वाटते, आई सोडून जाईल असे वाटते. पोरगी म्हणाली, “मना भिती वाटते.” करुणाने ‘मना’चं ‘मला’ केलं, ‘भिती’ची ‘भीती’ केली. पुन्हा म्हण. पुन्हा. सातव्या खेपेला जमलं.

टॅबने लगेच लाल रंग दिला. संध्याकाळी सानिका मॅडमचा खुशीत फोन आला. बघा, दुसऱ्या खेपेला मशीनने बरोबर पकडलं, अहवालात हे उदाहरण घालू या. करुणाने दातओठ खाऊन बरं म्हटलं. पोरीचं नाव यादीत लागलं होतं, बाकी सगळं खड्ड्यात गेलं तरी चालणार होतं.

डॉक्टर आले ते पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ. खुर्ची सोडून सतरंजीवर बसले आणि त्यांनी अलिझाला विचारलं, काय होतं बाळा? अलिझा उठली. हात सरळ खाली सोडून, कविता म्हणायला उभं राहावं तशी उभी राहिली.

“मला खूप भीती वाटते. आई सोडून जाईल असे वाटते.”

डॉक्टरांनी भीती कधी वाटते ते विचारलं. तेच वाक्य आलं. घरी कोण कोण असतं, विचारलं. पुन्हा तेच वाक्य. डॉक्टरांनी करुणाकडे पाहिलं. असं उभं राहणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

ती पोरीजवळ गुडघे टेकून बसली. “अलिझा, घरी बोलतेस तसं सांग गो. माझंच चुकलं.”

अलिझाने आधी टेबलावरच्या टॅबकडे आणि मग डॉक्टरांकडे बघितलं. करुणाच्या कानाशी तोंड नेऊन तिने विचारलं, “ह्यांना समजते?”

“समजतं,” करुणा म्हणाली. “सगळ्यांना समजतं.”

अलिझाने मान डोलावली. मग हात पुन्हा सरळ केले आणि चौथ्यांदा तेच वाक्य म्हटलं, एकही चूक न करता.