बेटावरची ओटी

इतवारीतल्या दुकानात नवा खण उलगडला की खळीचा वास येतो आणि मला तलावातल्या बेटावरची ती जुनी कोठी आठवते. आई आणि मी नागपूरहून सकाळीच निघालो होतो. परतताना मावसबहिणीची ओटी मी भरायची होती, म्हणून खण, नारळ आणि तांदूळ आईच्या पिशवीत होते. नावेतून उतरलो तर पायऱ्यांवर शेवाळ, आत वटवाघळांचा उग्र वास आणि वरच्या दालनात दोरीपलीकडे एका तरुण बाईची तसबीर. नवरा गेल्यावर सासरच्यांनी हिला इथे आणून ठेवलं, माहेरचंही कोणी फिरकलं नाही, ती इथेच म्हातारी होऊन गेली, असं चौकीदाराने सांगितलं. आई बराच वेळ तसबिरीकडे पाहत राहिली. मग तिने शांतपणे पिशवीतून खण आणि नारळ काढला. चौकीदार दबकत म्हणाला, "काकू, विधवेची ओटी नाही भरत." आई म्हणाली, "मले माहीत आहे गा. हिचे बाबा गेले तेव्हापासून माझीही कोणी भरत नाही. म्हणून तर मी भरून राहिली." त्याने दोरी सोडून बाजूला केली. तेव्हापासून दर सणाला मी आईची ओटी भरते. पहिल्या वेळी तिने हात मागे घेतले होते. आता ती पदर पसरून आधीच बसलेली असते आणि नारळ लहान निघाला तर तसं बोलून दाखवते.