शेडातला दिवा

कोंडीबानं जन्मभर मेंढरं राखली, त्यामुळं ब्रॉयलर कोंबडीला तो जनावर म्हणायलाच तयार नव्हता. आटपाडीच्या माळावर शेड उभं राहिलं ते बायकोच्या, धोंडुबाईच्या हट्टानं. पहाटे चारला दिवे लावायचे, खाद्याची भांडी भरायची, ऊन चढलं की तीच भांडी दोरीनं वर घ्यायची आणि रात्री दहाला शेड काळंमिट्ट करायचं, सगळं तिच्याकडं. अंधार करून ती घटकाभर तिथंच बसायची.

"आता त्यास्नी अंगाई म्हणतीस काय गं?" कोंडीबा बाहेरनं टोमणा मारायचा.

"तुमची मेंढरं वाघराच्या जाळीत निजल्यावर तुमी ढोल बडिवता का?" ती आतनं म्हणायची.

चैतात, पिल्लं चोवीस दिवसांची असताना, धोंडुबाई शेडातच खाली अंथरलेल्या तुसावर कोसळली. गाडी येईतोवर जीव गेला होता.

जीव जातो तिथं दहाव्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नाही, ही घरची रीत. तुसात पणती ठेवली तर भडका उडायचा. म्हणून कोंडीबानं शेडातले सगळे बल्ब लावले आणि बटणांवर चिकटपट्टी मारली.

"आवं मामा," सून सृष्टी म्हणाली, "आत्याबाई रातीचा अंधार करत्यात…"

"तुझ्या सासूचा दिवा हाय त्यो!"



उजेड म्हटल्यावर कोंबड्या खातच राहिल्या. भांडं रिकामं दिसलं की कोंडीबा भरायचा. उपाशी जनावर त्याला कधी बघवलं नव्हतं. भर दुपारीसुद्धा भांडी खालीच. सहाव्या दिवशी एक कोंबडी हातावर तोलून तो म्हणाला, "बघ पोरी, कशी भरल्यात. तिची शेवटची बॅच हाय. अशी पार पाडतो, का लोकांनी म्हणावं, ही धोंडुबाईची कोंबडी!" चाळीस वर्षांत बायकोच्या तोंडावर त्यानं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

सातव्या दिवशी काही कोंबड्या पायावर उठेनात. नवव्या दिवशी दुपारी एकवीस मेल्या. उताण्या, पाय वर. सगळ्यात भारी होत्या, त्याच आधी.

पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर उदयसिंह विट्याहून आला. त्यानं बल्बांकडं बघितलं, भरल्या भांड्यांकडं बघितलं.

"आबा, अंधार कवापासनं न्हाई?"

"ती गेल्यापासनं."

"आवं, अंधारात निजल्याव ह्यांचं पाय आन् काळीज सावरतंय. रातध्याड खाऊन अंग वाढलं, काळजाला झेपंना. वर दुपारच्या उन्हात भरल्यालं पोट, म्हंजे आत भट्टीच. मावशी दिवं मालवायच्या ते काय इजंच्या बिलासाठी न्हवं."

"उद्या दहावा हाय. एक रात ऱ्हायली."

"मग उद्या खड्डा काढाय माणसं सांगून ठेवा."

कोंडीबानं त्याच्याकडं बघितलं. "म्हंजे मीच मारल्या व्हय रं?"

उदयसिंह पायातल्या बुटांकडं बघत म्हणाला, "भांडी वर घ्या आधी. आन् आज दहाची वाट बघू नगा."

कोंडीबानं दोरी ओढली. कुठवर ओढायची, तिथं खांबाला धोंडुबाईनं खुणेची लुगड्याची चिंधी बांधली होती. तिच्या उंचीला. त्याला वाकावं लागलं.

गावात दिवेलागण झाली तेव्हा तो बटणांवरची पट्टी खरवडत होता.

"मामा, मी बंद करू?"

"नगं. मी लावलाय, मीच इझीवतो."

कोंबड्या बिथरू नयेत म्हणून त्यानं एकेक रांग मालवली. धोंडुबाई पडली होती तिथला बल्ब शेवटी. त्या बटणावर बोट बराच वेळ तसंच राहिलं. मग दाबलं.

फडफड झाली, कलकल झाली. हळूहळू कोंबड्या बसल्या. तोही चाचपडत जाऊन तिच्या जागी तुसावर बसला. अंधारात कुणाला धाप लागलीय ते नुसत्या कानांनी कळत होतं. ती कशासाठी बसायची, ते आत्ता कळलं.

त्याच्या पायाजवळ एक कोंबडी घरघरत होती. तो ऐकत राहिला. मग घरघर थांबली. निजली का गेली, बघायचं तर दिवा लावावा लागला असता. कोंडीबानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.