पिलसूनचा बरोबर हात

आमच्या पाच मैत्रिणींच्या मंडळात पिलसूनचं नाव 'गोमसोन'. गोमसोन म्हणजे अस्वलाचा हात. शब्द तसा नवा, टीव्हीवरच्या पोरासोरांचा, पण तो आमच्या सांजू गावापर्यंत पोचला तेव्हा आम्हाला वाटलं, हा हिच्यासाठीच कुणीतरी घडवून पाठवलाय. थंडीच्या आधी आम्ही ओळीने बसून पर्सिमन सोलतो आणि वाळायला दोरीला टांगतो. पिलसून सोलायला बसली की सालीबरोबर निम्मं फळ टोपलीत. सणाला तांदळाच्या पिठीच्या करंज्या वळायला घेतल्या की हिच्या करंज्या वाफेत तोंड उघडून बसायच्या. चष्मा पुसताना काडी मोडणार, सूप वाढताना पाहुण्याच्या मांडीवर सांडणार, हे ठरलेलं.

मी बुन्ही. तिच्या शेजारच्या घरात राहते. तिच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून तिला ऑन्नी म्हणते, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं. पण फार मान देऊन म्हणते असं समजू नका. तिच्या हातावरून सगळ्यात जास्त थट्टा मीच केलीय. माझं तयार भाज्या आणि किमचीचं दुकान आहे, गिऱ्हाईक हसलं की थोडं जास्त थांबतं, आणि पिलसूनचे किस्से माझ्यापाशी ढीगभर.

आता जे सांगते ते मला माहीत होतं आणि मी सोयीने विसरले होते. पिलसून जन्मतःच डावखुरी. आम्ही एकाच शाळेत जायचो. आमच्या भाषेत उजव्या हाताचं एक नावच मुळी 'बरोबर हात' असं आहे, मग डावा काय ठरतो ते वेगळं सांगायला नको. मास्तर लाकडी पट्टीने तिच्या डाव्या बोटांच्या पेरांवर मारायचे. घरी जेवताना तिची आई तो हात कापडाच्या पट्टीने कमरेशी बांधून ठेवायची. वर्षभरात पिलसून सुधारली. सुधारली हा तिच्या आईचा शब्द. पिलसून स्वतः म्हणायची, लहानपणी होतं ते मला, नंतर बरं झालं. जणू गोवर येऊन गेला होता.

आणि साठ वर्षांनी तेच तिच्या नातीत उगवलं. हारिन पाच वर्षांची. मुलगा-सून नोकरीवर जातात, पोर दिवसभर आजीकडे. चमचा डाव्या हातात धरते, खडू डाव्या हातात धरते. पिलसून प्रत्येक घासाला चमचा काढून उजव्या हातात द्यायची. सून म्हणाली, असू द्या ना आई, हल्ली कुणी काही बोलत नाही.

"तुला बोलत नाहीत," पिलसून म्हणाली, "मला अख्खं गाव बोलतं. माझ्या नातीला कुणी गोमसोन म्हटलेलं मला चालणार नाही."

तिच्या डोक्यात हिशेब पक्का होता. आपण वेंधळ्या, कारण आपण मुळात डावखुऱ्या. पोरीचं वेळेवर सुटलं की ती वाचली. हारिन मात्र चित्रं काढायची बंद झाली. आजी दिसली की डावा हात मांडीखाली दाबून बसायची. तरी विसरून चमचा तिकडेच जायचा. शेवटी पिलसूनने एक हातमोजा विणायला घेतला. लाल लोकरीचा, बोटं नसलेला, पिशवीसारखा बंद, मनगटाशी नाडी. जेवताना पोरीच्या डाव्या हातावर चढवायचा आणि नाडी आवळायची. आमच्या मंडळाच्या बुसानच्या सहलीत तो पुरा करायचा आणि रविवारी परत आल्यावर घालायचा, असं तिने मला सांगून टाकलं होतं. मला ते आवडलं नव्हतं, पण मी एवढंच म्हणाले, "ऑन्नी, हा हातमोजा आहे की मासे धरायचं जाळं?" ती हसली नाही. बसमध्ये तोंडातल्या तोंडात टाके मोजत राहिली.

बुसानला पोचलो तर वारा असा की समुद्रावरची केबल कार बंद. आमची सेनापती थेओक. सगळं तीच ठरवते. तिच्या नवऱ्याने सैन्यातली तीन वर्षं गेली चाळीस वर्षं पुरवून पुरवून सांगितली आहेत, आपण पलटणीत पहिल्या नंबरचे नेमबाज कसे होतो, हे. थेओकने फोनमध्ये बोट फिरवलं आणि जाहीर केलं की समुद्रकाठी पर्यटकांसाठी नेमबाजीची जागा आहे, शिकवायला माणूस असतो, खरं पिस्तूल देतात. म्हणाली, मला एकदा बघायचंच आहे की आमचे हे एवढे कशावर फुगलेत.

आत जाताना ओळखपत्रं घेतली, सह्या घेतल्या आणि तोंडाचा वास घेतला. दोघींनी बसमध्ये माकोल्लीचे पेले रिचवले होते, त्यांना बाहेरच्या सोफ्यावर बसवलं. उरलो थेओक, पिलसून आणि मी. शिकवणारे थाक सर सैन्यातून निवृत्त झालेले, मान जाड, आवाज हळू. आम्हाला आजी न म्हणता आई म्हणाले, तिथेच थेओक खूश. बुलेटप्रूफ जाकिटं चढवताना गोळीच्या आवाजासाठी कानांवर चढवायचं एक झाकण फळीवरून निसटलं. पिलसूनने मागे न बघता ते खाली पडायच्या आत धरलं. डाव्या हाताने.

थाक सरांचं लक्ष होतं. "आई, तुम्ही डावखुऱ्या का?"

"नाही, नाही." चोरी पकडल्यासारखं तिने ते झटकन उजव्या हातात घेतलं.

"ती डावीही नाही आणि उजवीही नाही, सर," थेओक म्हणाली, "ती अस्वलहाती आहे." आणि मी हसले. तेव्हाही हसले, हे लिहून ठेवते.

पिस्तूल टेबलाला साखळीने बांधलेलं असतं. सर मागे उभे राहून खांद्यावर हात ठेवतात. थेओकने दहा गोळ्यांत शंभरपैकी एकाहत्तर गुण मिळवले आणि नवऱ्यासारखीच छाती काढून बाजूला झाली. माझे अठ्ठावन्न. मग पिलसून. उजव्या हातात पिस्तूल, मनगट लटलट कापतंय, मान एका बाजूला कलंडलेली. पाच गोळ्या झाल्या. एकीने कागदाचा कोपरा फाडला, बाकी चार मागच्या भिंतीत.

"पिलसून, लागो न लागो," थेओक म्हणाली, "कागदाला निदान घाबरव तरी."

पिलसूनने पिस्तूल खाली ठेवलं. पुरे झालं म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं ओशाळं हसू होतं, सूप सांडल्यावर येतं ते. थाक सरांनी तिला जाऊ दिलं नाही. दोन्ही हात लांब करून तळव्यांची छोटी खिडकी करायला लावली आणि त्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग म्हणाले, आता डावा डोळा मिटा. घड्याळ गेलं. आता उजवा मिटा. घड्याळ जागच्या जागी.

"तुमचा नेमाचा डोळा डावा आहे, आई. मघाशी हातसुद्धा डावाच धावला. आणि काम सगळं उजव्याकडून करून घेताय. कधीपासून?"

"साठ वर्षं," पिलसून म्हणाली.

सरांनी साखळीची कडी दुसऱ्या बाजूला अडकवली आणि पिस्तूल डावीकडे सरकवलं. पिलसूनने हात लावला नाही. या हाताने बरं दिसत नाही, म्हणाली.

"इथे बघायला आहे कोण?" सर म्हणाले. "मी, आणि या तुमच्या दोघी."

आम्ही दोघीच तर होतो. साठ वर्षं बघणाऱ्या आम्हीच. मला एकदम त्या लाकडी पट्टीचा आवाज आठवला, माझ्या वर्गापर्यंत यायचा तो. तिच्या डोळ्यांत बघायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "ऑन्नी, घे डाव्यात. सांडलं तर मी पुसते."

तिने घेतलं. मी तिला जन्मभर ओळखते, पण तशी उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. खांदे आपोआप खाली आले. मान सरळ झाली. मनगट कापेना. उरलेल्या पाच गोळ्या तिने घाई न करता सोडल्या. सरांनी तारेवरून कागद जवळ ओढला. मधल्या काळ्या ठिपक्यात पाच भोकं, सगळी मिळून बाटलीच्या बुचाखाली झाकली जातील एवढ्यात. पन्नासपैकी एकोणपन्नास.

थेओकने विचारलं, "सर, पिस्तूल बदललंत का?"

"हात बदलला," सर म्हणाले.

मला वाटलं पिलसून आता रडेल नाहीतर नाचेल. तिला राग आला. कान लाल झाले. "पुन्हा द्या," म्हणाली, "पूर्ण दहा. नवा कागद लावा." आणि कुणावर रागावली होती कोण जाणे, मास्तरांवर, आईवर, आमच्यावर, पण एकेक गोळी तिने त्यांना ऐकू जाईल अशी मारली. सत्त्याण्णव. थेओक सगळं विसरून टाळ्या पिटायला लागली, सोफ्यावरच्या दोघी दारापाशी धावत आल्या, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझ्या वयाला शोभणारा नव्हता. पिलसून हसली. ओशाळं नाही, दात दाखवून हसली.

भिंतीवर एक फळा होता, त्यावर त्या महिन्यातला सगळ्यात वरचा नेमबाज स्वतःचं नाव लिहितो. आधीचं नाव तैवानच्या कुणा खलाशाचं होतं, चौऱ्याण्णव. सरांनी ते पुसून खडू पुढे केला. पिलसूनने सवयीने उजवा हात नेला, थांबली आणि डाव्यात खडू घेतला. बान पिलसून. अक्षरं मोठाली, वाकडीतिकडी, एक तर चक्क उलटं. थेओक काहीतरी बोलणार होती, मी तिच्या पायावर पाय दिला. पिलसून नावाकडे बघत उभी राहिली.

"बुन्ही," ती म्हणाली, "हारिन असंच लिहिते."

परतीच्या बसमध्ये लोकर पिशवीतून निघालीच नाही. कागदाची गुंडाळी मांडीवर धरून ती खिडकीबाहेर बघत होती. थेओकने नवऱ्याला फोन लावून विचारलं, तुमचे सैन्यात नेमके किती होते हो? पलीकडून फोन कट झाला.

रविवारी संध्याकाळी बुसानचे सुके मासे द्यायच्या निमित्ताने मी तिच्याकडे गेले. खरं तर मला बघायचं होतं. जेवणाचं बुटकं टेबल मांडलेलं, मुलगा-सून आलेले. आजी आत आली तशी हारिनने डावा हात मांडीखाली घातला आणि उजवा शहाण्यासारखा टेबलावर ठेवला. पिलसून तिच्यासमोर बसली आणि तिने कागद उलगडला. हारिनने भोकं मोजली. दहापर्यंत तिला येतं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कुठल्या हाताने?"

 पिलसूनने आपला डावा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. "याने."

पोरीने तो हात बघितला. मग आजीजवळ सरकून हळूच, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "लपव, हाल्मोनी. तुला ओरडतील."

सुनेने तोंड फिरवलं. मी माशांची पिशवी उगीचच सोडायला घेतली. पिलसूनचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "कुणी ओरडणार नाही. मला ओरडले ते चुकले. तुला मी ओरडले, मीही चुकले. काढ तो हात बाहेर."

हात बाहेर आला. चटईच्या काड्यांच्या लाल रेघा उमटल्या होत्या त्यावर. पिलसूनने तो दोन्ही हातांत धरून चोळला आणि त्यात चमचा दिला. मग दुसरा चमचा आपल्या डाव्या हातात घेतला आणि दोघी सूप प्यायला लागल्या. साठ वर्षांची सवय एका दिवसात कुठे मोडते. पिलसूनचं अर्धं सूप टेबलावर गेलं. हारिनचा एक थेंब सांडला नाही. पोर खुदुखुदु हसत म्हणाली, तू अजून लहान आहेस, मी शिकवते. ठरल्याप्रमाणे मी उठले आणि टेबल पुसलं.

कोपऱ्यातल्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकरीचं टोक डोकावत होतं. हारिनने ते ओढून काढलं आणि विचारलं, हे काय. पिलसूनने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात कधी नव्हे ते गप्प राहिले.

"किटलीची टोपी," पिलसून म्हणाली, आणि हातमोजा किटलीच्या तोटीवर चढवला. अगदी मापात बसला.