अण्णाला मी ‘हो’ म्हणायला लावलं

माझा थोरला भाऊ विद्यानगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं सामान सांभाळायचा. दोन सूक्ष्मदर्शक गेले, कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून चोरीचा खटला त्याच्यावर. अण्णानं चोरी केली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

जामीन मिळाला, पण नोकरीतून निलंबित झाला आणि पुढची सहा वर्षं नुसत्या तारखा. कधी साक्षीदार आला नाही, कधी न्यायाधीशांची बदली. सुरुवातीला तो इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जायचा. पुढे पुढे असेल तो शर्ट अंगात घालायचा.

मग वकील म्हणाले, “गुन्हा कबूल करून तडजोडीचा अर्ज द्या. पहिलाच गुन्हा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील. लढलात तर सुटालही, पण कधी ते मी सांगू शकत नाही. आणि नाही सुटलात तर तुरुंग.”

“न केलेलं कबूल करू?” अण्णानं विचारलं.

मी त्याला उणकलला माझ्या घरी आणलं. भाकरी वाढता वाढता मीच म्हणाले, “अण्णा, एकदा हो म्हण आणि मोकळा हो. आम्हीही थकलोय रे.”

‘आम्हीही’ ऐकलं आणि त्याचा हात ताटातच थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली.

न्यायाधीशांनी त्याला एकट्यालाच आत बोलावून इथल्या कोर्टाच्या भाषेत, कन्नडमध्ये विचारलं, कुणी दबाव आणलाय का? तो “इल्ल” म्हणाला. नाही. बाहेर येऊन त्यानंच मला हे सांगितलं. खरं सांगते, मला फक्त हायसं वाटलं. दबाव म्हणजे कुणीतरी दरडावणं, अशी माझी समजूत होती. मऊ आवाजात बोललेलंही त्यातच येतं, हे फार उशिरा कळलं.

तो सुटला. नोकरी मात्र कायमची गेली. कबुलीच होती ना.

पुढच्या वर्षी तो आमच्याकडे आलेला असताना माझ्या सुनेची अंगठी सापडेना. शोधाशोध सुरू झाली. अण्णाकडे कुणी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, तेच त्याला लागलं असावं. तो उठला, आपली पिशवी टेबलावर उलटी केली, खिसे बाहेर काढले.

“बघून घ्या.”

“अण्णा, हे काय करतोस!”

“कोर्टात मीच सांगितलंय ना, मी घेतो म्हणून.”

अंगठी पिठाच्या डब्यात मिळाली. सून रडत त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तो अजून येतो. पिशवी दाराबाहेर ठेवतो, आणि मी कितीही म्हटलं तरी आतल्या खोलीत पाऊल टाकत नाही.