लोअर हट ते ऑकलंड: सई, अमेरिका आणि एक उलटी म्हण

न्यूझीलंडमध्ये ऑगस्टच्या ऐन थंडीत लोअर हटहून ऑकलंडला गाडीनं जाण्याचा शहाणपणा कुणी करत नाही. १९९८ साली आम्ही केला. विमानाचा विषय काढताच सई म्हणाली, "नो वे, आई. आय नीड द होल रोड टू प्रॅक्टिस." झालं, सतीशनं गाडीचं तेल-पाणी बघायला घेतलं.

सई आमची सतरा वर्षांची लेक. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, माझा नवरा सतीश तिथेच भूल देणारा डॉक्टर. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी ऑकलंडला होती. आदल्या वर्षी सई तिथवर पोचली होती, भाषणही झकास झालं, पण नंतर परीक्षकांनी एक प्रश्न विचारला आणि ती गप्प. तोंडातून अवाक्षर न काढता मंचावरून उतरली. पुढे आठवडाभर घरात कुणी "स्पर्धा" हा शब्द उच्चारला नाही. यंदा शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे ही शेवटचीच संधी.

विषय तिनंच निवडला होता: शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका. स्पेनशी लढून फिलिपिन्स आणि पोर्तो रिको घेतलं, हवाई बेटं आणि सामोआचा पूर्व भाग आपल्या झेंड्याखाली आणला, आणि त्याच सुमारास घरात सुधारणांचा सपाटा लावला. मांसाच्या कारखान्यांतली घाण वर्तमानपत्रांनी वेशीवर टांगली. औषधाच्या बाटलीत दारू, अफू असं काही असेल तर तसं लेबलवर लिहायची सक्ती झाली. लेबलांचा परिच्छेद माझ्या मदतीनं झालाय, हे मी जाता जाता सांगून ठेवते!

पहाटे निघालो. ताइहापेच्या डेअरीत (इकडे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, दूध मिळतं पण म्हैस नसते) गरम पाय घेतले, म्हणजे आत सारण भरलेले इथले खारे पॅटिस. वायोरूला पोचलो तर पुढचा डेझर्ट रोड बर्फानं बंद. हिवाळ्यात जाणार असाल तर निघण्याआधी रेडिओवर रस्त्यांच्या बातम्या ऐकाच. आम्ही ऐकल्या नव्हत्या, कारण गाडीत सकाळपासून अमेरिका चालू होती. मग ओहाकुनेवरून वळसा घेतला आणि तेच पथ्यावर पडलं. उजव्या हाताला रुआपेहू डोंगर असा लख्ख उभा होता की सईसुद्धा फिलिपिन्स अर्धं सोडून खिडकीला चिकटली. मुक्काम तौपोला केला. तळ्याजवळच्या साध्या मोटेलात गरम झऱ्याच्या पाण्याची टाकी होती. सईनं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणले होते, आम्ही पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाय सोडून बसलो. भाडं खिशाला झेपणारं, पाणी मात्र राजेशाही.

दुसऱ्या दिवशी ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरात सुनंदाताईंकडे उतरलो. ताई मूळच्या पुण्याच्या, आमच्या जुन्या ओळखीच्या, आता ऑकलंडच्या हॉस्पिटलात नर्स. त्यांच्या गल्लीबाहेरच भारतीय दुकानांची रांग. पुकेकोहेच्या मळ्यातली ताजी कोथिंबीर बघून मी दोन जुड्या उगाचच उचलल्या. रात्री पिठलं-भात वाढताना ताई सईला म्हणाल्या, "हे बघ, प्रश्न आला की आधी श्वास घे. इंजेक्शन देताना मी पेशंटला हेच सांगते."

"अँड डज इट हर्ट लेस?" सईनं विचारलं.

"नाही गं. पण पेशंट पळून जात नाही!"

सकाळी पापाटोएटोहून ट्रेनने शहरात गेलो. तेव्हा स्टेशन मध्यवस्तीपासून लांब होतं, बरंच चालावं लागलं. शाळेचं सभागृह गच्च भरलेलं होतं. सईचं भाषण रस्ताभर ऐकलं होतं त्याहून चांगलं झालं. मग प्रश्नाची वेळ आली.

परीक्षकांत सामोआच्या एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "ज्या लोकांना स्वतःच्या घरातली घाण सहन होत नव्हती, त्यांना दुसऱ्यांच्या घरात आपण काय करतो ते कसं दिसलं नाही?"

 सतीशनं माझा हात घट्ट धरला. सईनं एक श्वास घेतलेला मला दिसला. आणि मग त्या सभागृहात, माईकवरून, खणखणीत मराठी आलं: "आपलं पाहावं वाकून, दुसऱ्याचं ठेवावं झाकून."

मी कपाळाला हात लावला. म्हण नेमकी उलटी! आपलं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याचं वाकून बघायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सई ठामपणे इंग्रजीत अर्थ सांगत होती. ही माझ्या आईची भाषा आहे, म्हणाली. घरातली घाण त्यांनी वाकून वाकून बघितली, कारण तिथले लोक मत देत होते. बाहेर जे केलं ते झाकलं, कारण तिथल्यांना मत विचारायचंच नव्हतं.

"आणि आपलं न्यूझीलंड?" बाईंनी विचारलं. इथेही बायकांना जगाआधी मत मिळालं, आणि पुढे सामोआच्या पश्चिम भागावर राज्यही केलं गेलं, ते सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं.

"हीप्स अंडर द लिड, मिस," सई म्हणाली, म्हणजे झाकणाखाली ढीगभर आहे. बाई मोठ्यांदा हसल्या आणि सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. पहिला नंबर! मी इतकी ओरडले की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघेनात का.

परतीला डेझर्ट रोड उघडला होता. सई चषक कवटाळून मागं झोपलेली. बुल्स गावापासून आमची भरभर मराठीत कुजबूज सुरू झाली; इतकं भरभर तिला कळत नाही, अशी आमची समजूत.

"तिला सांगायचं ना, म्हण चुकली म्हणून?" मी म्हटलं.

"जिंकलीय पोरगी. कशाला मिठाचा खडा टाकतेस?"

"उद्या पुण्यात कुणासमोर म्हणाली तर हसतील तिला."

"हसू देत. पुण्यात सगळ्यांनाच हसतात."

घरी आल्यावर मला राहवलं नाही. उपमा वाढता वाढता सांगितलंच. एरवी आमच्या मराठीला हिचं उत्तर इंग्रजीत. पण सईनं चमचा खाली ठेवला आणि एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाली, "आई, खरी म्हण मला लहानपणापासून येते. अमेरिकेनं उलटं केलं, म्हणून मी म्हणही उलटी केली. आणि मी झोपले नव्हते."

चषक फिरता होता, वर्षभरानं परत दिला. ते मराठी मात्र घरात राहिलं, आणि आम्हा नवरा-बायकोला कुजबुजायला आता भाषाच उरलेली नाही.