वाजवून ये

काकूंचा फोन आला तेव्हा मी एका घराच्या नकाशात दारं काढत होते. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्रॉइंगचं काम करते. नकाशात दार नेहमी उघडं काढतात. भिंतीत एक फट, एक रेघ, आणि दार कुठवर उघडेल ते सांगणारी कमान. "ईशा, सर गेले बघ," काकू म्हणाल्या. "सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत..."  फोनवर मला तसंही बोलता येत नाही. मग त्याच म्हणाल्या, "दुपारी नेणार आहेत. ये." मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि हातातली कमान पूर्ण केली. का, ते सांगता येणार नाही. ती अर्धी सोडवेना एवढंच.

व्यंकटेशसर माझे गिटारचे शिक्षक. आयुष्यभर एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली, आणि गणपती-नवरात्रात, लग्नांच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. निवृत्त झाल्यावर अशोक चौकाजवळच्या बोळातल्या घरात, पुढच्या खोलीत, ते रविवारी शिकवायचे. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पायमशीनवर शाळांचे गणवेश शिवायच्या. पुढच्या आणि आतल्या खोलीत फक्त एक पडदा. सरांचं सगळं शिकवणं त्या मशीनच्या आवाजावर चालायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाबा बोळाच्या तोंडाशी सोडून निघून गेले. हिरव्या रंगाचं लाकडी दार लोटलेलं होतं. बेलचं बटण होतं, पण त्यातून नुसत्या वायरी बाहेर आलेल्या. मी दारासमोर उभी राहिले. कुणीतरी बाहेर येईल, मग आपण आत जाऊ, असा माझा हिशोब. शाळेत स्टाफरूमबाहेरही मी अशीच उभी राहायचे. बऱ्याच वेळानं सर चप्पल शोधत बाहेर आले आणि दचकलेच.

"कधीपासून उभीयेस?"

"आत्ताच. मी दार ठोकणारच होते."

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरी मराठी बोलायचे, पण ती जेवणखाण आणि हो-नाहीपुरती. नॉकला मराठीत काय म्हणतात हे आठवेना म्हणून मी जवळचा शब्द उचलला होता. सरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ठोकतात खिळा, अम्मा. दार काय करतात?" तेलुगू घरात लहान मुलीलाही लाडानं अम्मा म्हणतात हे मला नंतर कळलं; त्या वेळी वाटलं, हे आपल्याला हसतायत.  "दार वाजवतात," ते म्हणाले. "आणि गिटार?"

"...वाजवतात."

"मग? दार वाजवता येईना आणि गिटार वाजवायला आलीयेस व्हय! बघ की, माझी मातृभाषा तेलुगू आणि मी तुला मराठी शिकवायलोय." मग त्यांनी मला बाहेर ठेवूनच दार पुन्हा लोटून घेतलं. आतून आवाज आला, "वाजव." मी वाजवलं. "ऐकू आलं नाही." पुन्हा वाजवलं. "कोण उंदीर आहे का?" तेव्हा पडद्याआडून काकूंचं हसू ऐकू आलं आणि मशीन थांबलं. माझे कान तापले. तिसऱ्यांदा कसं वाजलं आठवत नाही, पण दार उघडलं. "कडी कधीच लावलेली नसते," सर म्हणाले. "तरी वाजवून ये."

पहिली दोन-तीन वर्षं मी त्यांच्याकडे साधी गिटार शिकले. डाव्या हातानं सूर धरायचे, उजव्या हाताच्या चिमटीत पिक, म्हणजे प्लास्टिकची छोटी चकती, धरून तारा छेडायच्या. मग एकदा मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि झोपच उडाली. एकच माणूस, एकच गिटार; त्याच उजव्या हाताची बोटं गाणं वाजवतायत, अंगठा जाड तारांवर पडून टक् असा ठेका देतोय, तळहाताची मनगटाजवळची टाच लाकडावर पडली की ढोलाचा धुम् येतोय. जणू आख्खा ऑर्केस्ट्रा एका हातात. मी धीर करून तो सरांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन, मोबाइल नाकाशी धरून बघितला. "हा माणूस गिटार वाजवतोय का हाणतोय?" म्हणाले, आणि मोबाइल परत दिला. मला वाटलं, संपलं.

पुढच्या रविवारी त्यांच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. काकू पडद्यातून डोकं काढून म्हणाल्या, "ईशा, काय दाखवलंस गं यांना? आठवडाभर टेबल सोडलं नाही, कपाट सोडलं नाही. जेवताना ताटावर टकटक. मी म्हटलं, भाजी पाहिजे तर तोंडानं मागा की!" सर लाजल्यासारखे हसले. "मला येत नाही ते," ते म्हणाले. "आयुष्यभर चिमटीत पिक धरून वाजवलं. हा अंगठा आता सुटा होत नाही. पण कान आहेत. आपण दोघंही पहिलीत बसू. तू हात लाव, मी ऐकतो."

स्वतःला न येणारी गोष्ट त्यांनी मला शिकवली. व्हिडिओतल्या माणसाचा हात आम्ही सावकाश करून बघायचो. ठेका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायचा, आणि नेमका त्याच वेळी बोटांनी सूरही छेडायचा. माझा सूर यायचा तेव्हा ठेका चुकायचा, ठेका पडायचा तेव्हा सूर हरवायचा. सरांनी त्यावर एक उपाय काढला. अंगठा मारायचाच नाही. कुलपात चावी फिरवतात तसं मनगट फिरवायचं, अंगठा आपोआप पडतो. आणि एक वाक्य त्यांनी स्वतःच तयार केलं होतं, ते मी अजून वाजवताना मनात म्हणते... "तारेवर बस, लाकडावरून ऊठ." अंगठा तारांवर पडला की तिथंच टेकून राहायला हवा, म्हणजे तारा गप्प होतात आणि ठेका कोरडा येतो. पण लाकडावर पडलेला हात तिथं ठेवला की लाकूडही गप्प होतं. तिथून उठायला हवं, आणि लगेच.

मला बसणं जमलं. उठणं जमेना. माझा हात लाकडावर पडायचा आणि तिथंच राहायचा, जणू आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यावर हात ठेवलाय.  त्या रविवारपासून मला दारापाशीच तालीम. आत येण्याआधी गिटारची सगळी थाप दारावर वाजवायची, धुम् टाचेनं, टक् बोटांच्या पेरांनी, आणि सर आतून तपासणार. "मनगट घट्ट." "हात ठेवलास, लाकूड मेलं." "आज घरी भांडून आलीस का?" पास झाले की आत. एकदा समोरच्या घरातल्या खाला, बोळातल्या सगळ्यांच्या मावशी, बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अगे, दरवाजे कू ढोलक समझी क्या?" मी पळूनच जाणार होते. सर आतून ओरडले, "खाला, बच्ची पढ रही है!" "ऐसा कैसा पढना," खाला म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत, उंबऱ्यावर बसून लसूण सोलायला लागल्या. मला मात्र पुढचं काही वाजवता आलं नाही.

खरी अडचण तीच होती. कुणी ऐकतंय असं कळलं की माझा हात लाकडाला चिकटायचा. घरी मी दार लावून, खिडकी लावून रियाज करायचे. आई-बाबांनी माझं गिटारवादन कधी ऐकलं नाही. त्यांना फक्त क्लासला सोडणं माहीत. सरांसमोर जमायचं, कारण ते डोळे मिटून बसायचे. काकूंचं मशीन सुरुवातीला मी वाजवायला लागले की थांबायचं, आणि ते थांबलं की मीही थांबायचे. नंतर कधीतरी ते थांबेनासं झालं. पडद्यामागे मशीन खडखडत राहायचं, आणि त्या आवाजाच्या आडोशाला मी निवांत वाजवायचे. मला वाटायचं, काकूंचा इंटरेस्ट संपला. बरं वाटायचं.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत आईनं माझं नाव द्यायचं ठरवलं तेव्हा मी सरांना म्हटलं, तुम्ही आईला सांगा, ही अजून तयार नाही म्हणून. सरांनी सांगितलं तसं. आईचा फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "कुणी ऐकलं की तुझं काय कमी होतं गं?" रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. मी उत्तर शोधलं. इंग्रजीतही सापडलं नाही. "राहू दे," सर म्हणाले. "सापडलं की सांग. पुढच्या रविवारी वाजवून ये."

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. डॉक्टर, तपासण्या, मग आतल्या खोलीतली कॉट. क्लास बंद झाला. त्यांनी त्यांची जुनी गिटार माझ्याकडे दिली, वापर नसला की लाकूड रुसतं म्हणाले. त्या गिटारवर पिक घासून घासून एका जागी पॉलिश पार उडालं आहे.

शेवटची भेट ती गिटार घेऊनच झाली. दार वाजवलं तेव्हा आतून काही शेरा आला नाही. काकूंनी "ये" म्हटलं. सर उशांना टेकून बसले होते, आवाज बारीक झाला होता. "पुढच्या खोलीत बस," ते म्हणाले. "पडदा सोड. मला बघितलंस की रडशील आणि ठेका जाईल." मी पुढच्या खोलीत बसले, पडदा सोडला. काकू मशीनवर बसल्या, मशीन सुरू झालं. मी आमचा तो एकच पूर्ण तुकडा वाजवायला घेतला, सूर, ठेका, लाकूड, सगळं असलेला. मधेच मला ऐकू आलं, पडद्यापलीकडून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कुणीतरी कॉटच्या लाकडावर वाजवतंय. अगदी हलकं. माझा अंगठा आणि ती थाप एकत्र पडत होती... आयुष्यभर सुटा न झालेला तो अंगठा. मी थांबले नाही. संपलं तेव्हा आतून सर म्हणाले, "उठला हात." मग दम घेऊन, "आज लाकूड बोललं." मी निघताना त्यांनी नेहमीचं ते "वाजवून ये" म्हटलं. मीही नेहमीसारखी नुसती मान हलवली.

तेराव्यापर्यंतचे सगळे दिवस झाल्यावर, पाहुणे परत गेल्यावर, एका रविवारी मी गिटार परत द्यायला गेले. ती त्यांची होती. आणि आता ऐकायला कोणी नव्हतं, म्हणजे मला वाजवायलाही कारण नव्हतं, असं मी बोळातून चालताना स्वतःला समजावत होते. गिटार देऊन यायचं, काकूंजवळ थोडं बसायचं, बस्स. दार लोटलेलं होतं. आतून मशीनचा आवाज नव्हता. मी पहिल्या दिवशीसारखी उभी राहिले. दाराच्या हिरव्या रंगाचा माझ्या हाताच्या उंचीला टवका उडाला आहे, आतलं लाकूड दिसतं. तो टवका माझ्याच हातानं उडालेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. कडी नसणारच होती. तरी वाजवलं.

"हात ठेवलास," आतून काकू म्हणाल्या. "परत."

 मग पुन्हा वाजवलं, टाचेनं एक, पेरांनी एक, आणि हात उचलला.

"हां. ये आता."

पडद्याच्या फटीतून दिसलं, मशीनवर कापड घालून ठेवलं होतं. काकू सरांच्या खुर्चीत नव्हत्या, खाली सतरंजीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं कळतं?"

"कसं म्हणजे? एवढी वर्षं ऐकतेय की."

"पण तुम्ही तर शिवत असायचात."

काकू त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या. "कुठलं शिवणं! मशीन थांबलं की तू थांबायचीस. हे म्हणाले, थांबवू नको, पोरगी बुजते. मग मी दोरा काढून ठेवायची, कापड बाजूला, आणि नुसते पाय मारत बसायची. तुझा क्लास म्हणजे माझ्या पायांना व्यायाम बघ. ती खालाबाई तर विचारायची, तुझी ती दरवाजावाली येणारे का आज, म्हणजे मी लसूण तेव्हा सोलते."

मी गिटार मांडीवरच धरून बसले. म्हणजे एवढ्या रविवारी मला वाटत होतं, मी कुणाच्याच नकळत वाजवतेय. आणि पडद्याच्या त्या बाजूला एक बाई रिकाम्या मशीनवर पाय चालवत सगळं ऐकत होती, बोळापलीकडे दुसरी लसूण सोलत ऐकत होती. सरांना माहीत होतं. माझं काही कमी झालं नव्हतं.

"गिटार द्यायला आले होते," मी म्हटलं.

"मी काय करू तिचं? मला वाजवायचं झालंच तर दार आहे की." काकूंनी उठून पडदा एका बाजूला सारून खिळ्याला अडकवला. मग त्यांनी पुढचं दार पूर्ण उघडलं, अगदी भिंतीला टेकेपर्यंत. समोर खालाच्या उंबऱ्यावर परात दिसत होती. मशीनवरचं कापड काकूंनी तसंच राहू दिलं आणि त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, दोन्ही हात मांडीवर रिकामे ठेवून.

मी मनगट सैल केलं. अंगठा तारांवर बसला. टाच लाकडावर पडली... आणि उठली.