पुढच्या दाराची हौसाक्का

हौसाक्काच्या दारात कुणीही आलं, तरी तिचं वाक्य एकच असायचं. "या पावणं. आधी जेवा, मग बोला." मीटर बघायला आलेला माणूस असो की मतं मागायला आलेला उमेदवार, मंगळवार पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की समोर ताट यायचंच. भाकरी, आमटी, कडेला मिरचीचा खर्डा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग ती आणखी एका जातीच्या माणसांना म्हणायची. एका प्रसूतिगृहात तिनं उभा जन्म आया म्हणून काम केलं. पोर बाहेर येऊन रडलं की डॉक्टरांच्या आधी हिचा आवाज भिंतीपलीकडे यायचा, "या पावणं, या!" बाहेर बसलेल्या बापाला सुटका झाल्याचं त्यावरूनच कळायचं. मुलगा की मुलगी, ते मात्र कळायचं नाही. "पावण्याला दारातच काय ते इचारू ने," म्हणायची.

मी तिला तोंडावर अहो-जाहो करायचे. मनात ती कधीच एकेरीवर आली होती.

तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. बी.एड. झालेली, खांद्याला पर्स, आणि अक्कल इतकी की ती डोक्यात मावत नसल्यामुळे लोकांना वाटत फिरणारी. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन. आमच्या शेजारी शाहूवाडीकडची कमल नावाची मुलगी खोली घेऊन राहायची. वीस वर्षांची, डी.एड.ला होती. तिला दिवस गेले. ज्यानं लग्नाचं वचन दिलं होतं, त्याची सुपारी दुसरीकडेच फुटली. कमल माझ्याकडे येऊन रडली, आणि गल्लीतली एकमेव पुरोगामी बाई या नात्यानं मी पदर खोचला. गर्भपातासाठी डॉक्टरांची वेळ घेतली, शाळेत रजा टाकली, रिक्षा बोलावली. कमलला स्वतःला काय हवंय, एवढं विचारायचं तेवढं राहिलं. घाई होती ना.

आम्ही प्रसूतिगृहात पोचलो, तेव्हा डॉक्टर यायला अवकाश होता. हौसाक्कानं आम्हां दोघींना बघितलं, मागच्या खोलीत नेलं आणि आपला डबा उघडला.

"आधी जेवा."

"अहो मावशी, तिला उपाशीपोटी आणायला सांगितलंय," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले.

"ठावं हाय मला. तू गप बस मास्तरीण. तोंड तिचं हाय न्हवं?" मग ती कमलकडे वळली. "हे बघ बाळ, ह्यातला एक घास खाल्लास तर आज काय बी होणार न्हाय. उद्या आलीस तर डॉक्टर हाईतच, कायदा बी हाय, मी काय दारात आडवी पडणार न्हाय. पर ठरवायचं तू. ह्या बाईनं न्हवं, त्या मुडद्यानं न्हवं, आन् मी बी न्हवं."

"मला कुणी इचारलंच न्हाय," कमल म्हणाली. एवढंच. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी इतकी संतापले की रिक्षातून एकटीच परत आले. दुसऱ्या दिवशी भांडायला गेले. हा अडाणीपणा आहे, एका मुलीच्या आयुष्याचं वाटोळं करताय, जग कुठं चाललंय... शाळेत वक्तृत्व स्पर्धा मीच घ्यायचे, त्यामुळे मुद्दे भरपूर होते. हौसाक्का वरण्याच्या शेंगा सोलत ऐकत होती.

"झालं?" ती म्हणाली. "आता मी सांगतो. पोटातलं पोर म्हंजे पावणं. न बोलावता आलेलं का असंना. आपल्या घरात जागा नसंल तर शेजारच्या घरात सोय करावी. पर आलेल्या पावण्याला दारातनं हाकलू ने."

"आणि त्या बाईचं काय?"

"बाईचं म्हणूनच म्हणतोय की. तिला नऊ म्हैनं कोण ठेवून घेत न्हाय, म्हणून ती तिकडं जात्या. तुम्ही शिकलेली माणसं रिक्षा बोलावता. खोली देता का?"

आमच्या घराच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या.

कमल तिच्याकडेच राहिली. तिच्या आधी आणि नंतर इतरही राहिल्या. पेठेतले लोक काय काय बोलत. "बोलू देत की, त्यांची तोंडं मोकळी हाईत, माझं हात गुतल्यात," एवढ्यावर ती विषय संपवायची. जिनं ऐकलं नाही आणि गर्भ पाडून घेतला, तिला तिनं वाईट बोललेलं मी कधी ऐकलं नाही. तिच्यासाठीही डब्यातून शिरा जायचा, आणि त्या दिवशी हौसाक्का कुणाशी बोलायची नाही. सासवांना मात्र सोडायची नाही. तिसरीही मुलगीच असेल म्हणून सुनेला घेऊन आलेल्या एकीला ती म्हणाली होती, "तुझ्या आईनं दार लावून घेतलं असतं, तर आज मुरडायला नाक कुठनं आणलं असतंस गं?" एकदाच बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं, "मी बी अशीच आलेली हाय. नेसरीच्या एका घरानं दार उघडलं म्हणून." पुढचं मी विचारलं नाही. मला त्या काळी दुसऱ्याचं ऐकण्यापेक्षा बोलायची हौस जास्त होती.

आमच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. एकदा मी कमलला फळं घेऊन गेले. मन खात होतं, दुसरं काय. कमल दुपट्याला टीप घालत बसली होती. हौसाक्का माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मास्तरीण, देवानं पावणं तुझ्याच दाराशी आणून सोडलं, आन् तू त्याला रिक्षात घालून निघाल्तीस."

कमल मान खाली घालूनच म्हणाली, "बाई, तुमच्याकडं राहिलं तर शिकंल."

घरी येऊन मी तीन दिवस त्याच त्या वह्या तपासत काढले. चौथ्या दिवशी यांना सांगितलं. सासूबाईंनी रक्ताचा प्रश्न काढला. "आई, मला तुमचं रक्तच पुरून उरलंय," असं म्हणून यांनी तो मिटवला. रीतसर दत्तकपत्र करायचं ठरलं. त्याबाबतीत हौसाक्का कडक होती. "पोर म्हंजे कोंबडी न्हाय, ह्या हातानं त्या हाताला द्यायला."

आणि मग त्या पुरोगामी बाईनं काय केलं? पोटावर उशी बांधली.

शेवरीच्या कापसाची, स्वतः शिवलेली. दर महिन्याला आत कापूस वाढवायचे. चिंचा खाल्ल्या, ओकाऱ्या काढल्या, जिना चढताना कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हटलं. सासूबाई सामील. शेजारच्या काकू पोट बघून म्हणाल्या, "मुलगाच हो!" उशीला मुलगा होणार हे ऐकून मला खरोखर आनंद झाला, इतकी मी त्या नाटकात रंगले होते. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसले, तर गर्दीतून हौसाक्का आली, माझी ओटी भरली आणि कानाशी लागून म्हणाली, "पावणं डाव्या बरगडीत गेलंय. सरळ कर."

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"असलं का करायलीस?" ती म्हणाली. हसत नव्हती. "पुढच्या दारानं घे की त्याला. वाजवत, पेढं वाटत. मागच्या दारानं आणलेल्या पोराला एक दिवस वाटतंय, आपण चोरीचं हाय."

"आक्का, तुम्ही इथे येत जाऊ नका," मी म्हणाले. "तुमचं काम सगळ्यांना माहीत आहे. लोक जोडून बघतील."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं."

बाहेर पंगत बसली होती. ताटं वाढलेली होती. मी तिला 'जेवून जा' म्हणाले नाही, आणि ती पुढच्या दारानं निघून गेली.

गल्लीचं मी सांगत होते, पण खरी भीती गल्लीची नव्हती. मला त्या मुलीसह दवाखान्यात बघणारी ती एकटी होती. कमल पुढे शिकली, नोकरीला लागली, हौसाक्कानं तिचा पत्ता कधी कुणाला दिला नाही. उरली ही. तिला बघितलं की मला ती रिक्षा आठवायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमानं मी गडहिंग्लजला गेले आणि कमलच्या पोरीला, रेवतीला, घेऊन आले. "अगदी आईच्या वळणावर गेलीय," सगळे म्हणाले. बारशाला अर्धी गल्ली जेवली. हौसाक्का आली नाही. शब्दाची पक्की.

रेवती पाच वर्षांची असताना कपिलतीर्थ मंडईत आम्ही समोरासमोर आलो. माझी पावलं थबकली. हौसाक्का मात्र उकिडवी बसली आणि रेवतीला म्हणाली, "कुठलं पावणं म्हणायचं हे?"

"मी रेवती!"

"व्हय? शाळंला जातंय का पावणं?" तिनं पिशवीतला पेरू काढून तिच्या हातात ठेवला, उठली आणि निघून गेली. माझ्याकडे नजरही टाकली नाही. पुढेही कधी जत्रेत, कधी देवळात असंच व्हायचं. ओळख न दाखवण्याचं काम ती माझ्याहून किती तरी चांगलं करायची. मला त्याचं बरं वाटायचं. आता वाटतं, माझ्यासारखी किती घरं असतील पेठा-पेठांतून, हिला बघून पलीकडच्या फुटपाथवर जाणारी? सणासुदीला ती कुणाच्या घरी जेवत असेल?

तीन वर्षांपूर्वी हे गेले. रेवती पुण्यात. पाच खोल्यांच्या घरात मी आणि टीव्ही, त्यातही टीव्हीच जास्त बोलतो. एका दुपारी मी रेवतीला फोन करून सांगून टाकलं. चाळीस वर्षं पाठ केलेलं भाषण अडीच मिनिटांत संपलं.

मग ती म्हणाली, "लपवलंस कशाला? माझी लाज वाटायची?"

पाच आठवडे तिचा फोन आला नाही. मग एका शनिवारी दारात येऊन उभी राहिली. "त्या आक्कांकडे ने मला."

नव्वदी ओलांडलेली हौसाक्का खाटेवर बसली होती. शेजारची सून दोन वेळा बघून जायची, तेवढंच माणूस. रेवती पुढे झाली. हौसाक्कानं डोळे बारीक केले. "कुठलं पावणं म्हणायचं हे?"

मला हसू फुटलं. "आक्का, आता नाटक पुरे. सांगितलंय मी हिला."

तिनं तीच नजर माझ्याकडे वळवली. "आन् तू कोण गं?"

नाटक नव्हतं. ते सगळं पुसलं गेलं होतं. दवाखाना, डबा, उशी, पेरू, मी. रेवतीला मी फोनवर दत्तकाचं सांगितलं होतं, रिक्षाचं नव्हतं. कमलचा पत्ता फक्त हौसाक्काला ठाऊक होता; आता रेवतीला ते सांगू शकणारं कुणी उरलं नव्हतं. क्षणभर मला हायसं वाटलं. हो, वाटलं. म्हातारपणी खोटं कशाला लिहू?

शेजारच्या सुनेनं ताट आणून ठेवलं. "नको, भूक नाही," रेवती म्हणाली.

ते ताट तसंच समोर राहिलं आणि माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणाले, "रेवती, अर्धंच सांगितलंय मी तुला. तुझ्या आईला त्या दवाखान्यात घेऊन जाणारी मी होते. तू येऊ नयेस म्हणून. उपाशी ठेवून नेलं होतं मी तिला. ह्या बाईनं तिच्यापुढे असंच ताट ठेवलं, आणि ती जेवली. म्हणून तू आहेस. माझ्यामुळे नाही."

रेवतीनं पर्स खांद्याला लावली. मला वाटलं, आता उठेल. हौसाक्काला आमच्यातलं काही कळलं नव्हतं. दोन बायका दारात तोंड पाडून बसल्यात, एवढंच दिसत होतं. ती जरा चिडूनच म्हणाली, "आधी जेवा की. मग बोला."

रेवतीनं ताट पुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

महिन्याभरात हौसाक्का गेली. दारात अनोळखी माणसं उभी होती, एकमेकांपासून हातभर लांब. कुणी म्हणे आम्ही दूध घालायचो, कुणी म्हणे जुने भाडेकरू. दोन खोल्यांत कसले भाडेकरू? खोटं बोलण्यात आयुष्य गेलेल्या बाईला खोटं लगेच ओळखता येतं. मला कुणीतरी विचारलं, "आपण?"

"माझी मुलगी हिच्या घरातनं आली," मी मोठ्यानं म्हणाले.

दूध घालणारे गृहस्थ तेवढे एक पाऊल जवळ सरकले.

रेवतीचा फोन आता रविवारी येतो. पूर्वीइतका लांबत नाही. अजून ती मला पुरतं माफ करून बसलेली नाही, आणि मीही घाई करत नाही. घाईचा अनुभव आहे मला. पण ठेवण्याआधी ती न चुकता विचारते, "जेवलीस का?"

मी हो म्हणते. कधी कधी जेवलेली नसते. खोटं बोलायची जुनी खोड, जायला वेळ लागेल.